चाकाला हालचाल हवी: स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनचा आढावा

स्पोर्ट्स कारचा मालक सस्पेन्शनच्या मागे लागतो त्याची कारणं बहुधा दोनच असतात. एक तर वळणावर गाडी कलते ते त्याला आवडत नाही. नाहीतर जुनी झालेली गाडी रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठीपर्यंत पोचवू लागलेली असते. दोन्ही तक्रारींवर बाजारात एकच तयार उत्तर मिळतं: गाडी दीड इंच खाली घ्या, कडक स्प्रिंग टाका, जाड अँटी-रोल बार बसवा. गाडी देखणी दिसते आणि गुळगुळीत रस्त्यावरच्या पहिल्या वळणात चटपटीतही वाटते. मग खराब रस्ता लागतो. शेजारी बसलेलं माणूस हँडल घट्ट धरतं, वळणाच्या मध्यावर एखादा उंचवटा आला की गाडीची मागची बाजू बाहेर सरकते, आणि मालकाला ऐकवलं जातं की चपळाई हवी तर आरामावर पाणी सोडावंच लागतं.

मला हे पटत नाही, आणि गेल्या नव्वद वर्षांतलं सस्पेन्शनचं शास्त्रही त्याच्या विरोधात उभं आहे. पकड आणि आराम या दोन्हींचं मूळ एकच आहे: चाक रस्त्याला किती सलग आणि किती समान दाबाने टेकून राहतं. ते नीट टेकून राहिलं तर गाडी वळणात ओळ सोडत नाही आणि बसणाऱ्यालाही दणका जाणवत नाही. त्यासाठी चाकाला वरखाली व्हायला पुरेशी जागा लागते आणि त्या हालचालीवर चांगला लगाम लागतो. सस्पेन्शनवर पैसा खर्च करताना हीच कसोटी हाताशी ठेवावी.

स्प्रिंगचं गणित

गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती दबते, यावर गाडी किती वेगाने झोके घेणार हे ठरतं. चाकापाशी मोजलेलं हे दबणं २५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला एक झोका, ११ सेंटिमीटर असेल तर दीड आणि ६ सेंटिमीटर असेल तर दोन. घरगुती आरामशीर गाड्या साधारण सेकंदाला एक ते दीड झोक्यांच्या टप्प्यात बसवलेल्या असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोनच्या टप्प्यात आणि शर्यतीच्या गाड्या त्याच्या बऱ्याच वर. माणसाचं शरीर सेकंदाला चार ते आठ उभ्या झोक्यांना सर्वांत कमी सहन करतं. म्हणून स्प्रिंग जसजशी कडक करत जावं तसतशी गाडी शरीराच्या दुखऱ्या टप्प्याकडे सरकते.

स्प्रिंगवर छापलेला आकडाही पुरेसा नसतो. स्प्रिंग चाकावर थेट बसत नाही, बहुतेक रचनांत ती चाकाला गाडीशी जोडणाऱ्या आर्मवर थोडी आतल्या बाजूला टेकलेली असते. चाक १० मिलिमीटर वर गेल्यावर स्प्रिंग ७ मिलिमीटरच दबत असेल, तर स्प्रिंगच्या कडकपणापैकी जेमतेम ४९ टक्के चाकाला जाणवतो, कारण इथे गुणोत्तराचा वर्ग होतो. त्यामुळे एका गाडीत मऊ वाटणारी स्प्रिंग दुसरीत दगडासारखी ठरू शकते. मित्राच्या गाडीतला आकडा आपल्या गाडीत आणणं म्हणजे अंधारात पाऊल टाकणं.

पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचं नातं त्याहूनही महत्त्वाचं. मॉरिस ओली हा रोल्स-रॉइसमधून १९३० साली कॅडिलॅककडे गेलेला अभियंता. त्याने एका मोठ्या गाडीच्या पुढेमागे सरकवता येतील अशी वजनं टांगली आणि वजनाची वाटणी बदलली की बसणाऱ्याला काय वाटतं ते तपासलं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना क्षणभराने. मागची बाजू थोड्या जलद गतीने झोके घेत असेल तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडीचं नाक-शेपूट वरखाली होणं लवकर शमतं. म्हणून ओलीने पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ ठेवायला सांगितलं. पुढून कडक आणि मागून मूळचीच स्प्रिंग ठेवणारे बाजारातले संच नेमकं हेच नातं मोडतात. अशा गाडीत महामार्गावरच्या सांध्यांवरून जाताना मान सतत पुढेमागे होत राहते.

कलणं आणि पकड

गाडी कमी कलली की पकड वाढते, हा समज फार खोल रुजलेला आहे. आकडे वेगळं सांगतात. १,००० किलोची गाडी, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १४० सेंटिमीटर असेल, तर गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट जोराने वळताना आतल्या चाकांवरचं सुमारे २९० किलो वजन बाहेरच्या चाकांवर जातं. या हिशेबात स्प्रिंग कुठेच येत नाही. स्प्रिंग कितीही कडक केली तरी तेवढं वजन सरकणारच. ते कमी करायचं तर गाडी हलकी हवी, बुटकी हवी किंवा रुंद हवी.

सरकणारं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांत कसं वाटलं जातं, एवढंच स्प्रिंग आणि अँटी-रोल बारच्या हातात असतं. टायरवर दुप्पट भार पडला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून ज्या बाजूला बार जाड, त्या बाजूची एकूण पकड घटते. पुढे जाड बार बसवला की गाडी वळणात सरळ धावू पाहते, मागे जाड केला की शेपूट सैल होते. हे हत्यार फार उपयोगी आहे, पण ते समतोल साधायचं हत्यार आहे. शिवाय बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी बांधतो. एकाच चाकाखाली खड्डा आला तरी धक्का दुसऱ्या बाजूला पोचतो आणि डोकं इकडून तिकडे हलतं.

कलण्याचा एक खरा तोटाही आहे. गाडी फार कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो आणि स्टिअरिंग फिरवल्यावर गाडीचं अंग सावरायला वेळ लागतो. म्हणून थोडा आवर हवाच. मात्र तो आवर जितका शॉकॲब्सॉर्बर घालू शकतो तितका स्प्रिंगवर टाकू नये.

शॉकॲब्सॉर्बर

स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत करते. शॉकॲब्सॉर्बर ती ऊर्जा तेलातून पिळून उष्णतेत घालवतो. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला नुसतं शॉकअप म्हणतात आणि तो गळायला लागेपर्यंत त्याच्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या मते स्पोर्ट्स कारच्या सस्पेन्शनवरचा सर्वांत मोठा खर्च इथेच व्हायला हवा.

त्यातला पिस्टन दोन वेगवेगळ्या प्रकारची कामं करतो. गाडी वळणात कलते, ब्रेक लावल्यावर नाक खाली करते, तेव्हा पिस्टन सावकाश सरकतो. खड्ड्याची धार लागते तेव्हा तो झटक्यात सरकतो. सावकाश हालचालीला भरपूर विरोध आणि झटक्याला बेताचा विरोध, असे व्हॉल्व्ह बसवले तर गाडीचं अंग वळणात घट्ट राहतं आणि खड्डा मऊपणे पार होतो. स्वस्त शॉकॲब्सॉर्बरमध्ये विरोध वेगासोबत वाढतच जातो, म्हणून तो एकतर वळणात ढिला पडतो नाहीतर खड्ड्यात आदळतो. चपळाई आणि आराम यांचं भांडण बहुतेक वेळा या व्हॉल्व्हपाशी मिटतं किंवा पेटतं.

जुन्या दोन नळ्यांच्या रचनेत तेल तापलं की त्यात हवा मिसळून फेस होतो आणि विरोध कोसळतो. फ्रेंच अभियंता ख्रिश्चन बूर्सिए द कार्बोन याने एकाच नळीत तेल आणि उच्च दाबाचा वायू यांच्यामध्ये तरता पिस्टन घालून ही अडचण सोडवली. जर्मनीच्या बिल्स्टाइनने ही रचना घेतली आणि १९५७ मध्ये ती मर्सिडीज-बेंझच्या मालिका उत्पादनात आली. पिस्टन मोठा, तेल थंड आणि फेस नाही, यामुळे घाट उतरून आल्यावरही गाडी घाटाच्या माथ्यावर होती तशीच राहते.

त्यानंतरचे बदल बरेचसे व्हॉल्व्हचे आहेत. नेदरलँड्सच्या कोनीने हालचाल किती जलद होते आहे ते ओळखून तेलाला जादा वाट करून देणारा व्हॉल्व्ह बनवला. १९७६ मध्ये केंथ ओलिन याने स्वीडनमध्ये सुरू केलेली ओलिन्स मोटरसायकलींच्या शर्यतींतून वर आली. तिच्या रस्त्यावरच्या संचात दबताना आणि परतताना, दोन्ही वेळी तेलाला सारखीच मोकळी वाट मिळते, त्यामुळे खड्ड्यातून वर आलेलं चाक लवकर पुन्हा जमिनीवर येतं. कॅनडाच्या मल्टिमॅटिकने पातळ चकत्यांऐवजी अचूक कापलेल्या स्पूल व्हॉल्व्हचा मार्ग घेतला. तो २०१४ च्या शेव्हरले कॅमारो झेड/२८ मध्ये दिसला.

इलेक्ट्रॉनिक मार्गही आता प्रौढ झाला आहे. लोहकणमिश्रित तेलाला चुंबकीय क्षेत्र लावून मिलिसेकंदांत घट्ट करणारी मॅग्नेराइड पद्धत २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आली, पुढे कॉर्व्हेट आणि फेरारीतही गेली. २०११ च्या मॅक्लारेन एमपी४-१२सीने अँटी-रोल बारच काढून टाकले आणि चारही कोपरे तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले. कलणं आवरायचं काम तेलावर गेल्यामुळे एकाच चाकाला लागलेला खड्डा दुसऱ्यापर्यंत पोचेनासा झाला. सुपरकार इतक्या मवाळपणे चालू शकते हे त्या गाडीने दाखवून दिलं. अशी यंत्रणा मुळातच असलेली गाडी घेतली असेल तर तिच्यात साधे शॉकॲब्सॉर्बर टाकण्याआधी दहादा विचार करावा.

गाडी खाली घेण्याची किंमत

गाडी खाली घेतल्याने गुरुत्वमध्य उतरतो, हा फायदा खरा आहे. पण मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत आर्मचं आतलं टोक बाहेरच्या टोकाच्या खाली गेलं की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जलद खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि गाडीची कलण्याची ओढ उलट वाढते. मग ती आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते. स्टिअरिंगच्या दांड्याचा कोनही बिघडतो, त्यामुळे उंचवट्यावर चाकं आपोआप थोडी वळतात आणि स्टिअरिंग हातात थरथरतं.

दुसरी किंमत चाकाच्या जागेची. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर फोमचा एक लवचीक ठोकळा असतो, त्याला बंप स्टॉप म्हणतात. चाक वर येऊन त्याला भिडलं की कडकपणा एकदम अनेक पटींनी वाढतो. गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली की वर जायची जागा ३० मिलिमीटरने कमी होते. मग साध्या खड्ड्यातही चाक ठोकळ्यावर आदळतं. ‘स्प्रिंग फार कडक आहे’ अशी तक्रार येते, पण खूपदा स्प्रिंग मऊ आणि जागा संपलेली, असा प्रकार असतो.

हे स्वतः पाहता येतं. शॉकॲब्सॉर्बरच्या चकचकीत दांड्याला एक प्लॅस्टिकची केबल टाय सैलसर बांधायची, सीलपर्यंत खाली सरकवायची आणि नेहमीच्या रस्त्यावर फिरून यायचं. दांडा आत जातो तेव्हा सील टायला ढकलत नेतं आणि ती जिथे थांबते तिथपर्यंत चाक वर आलेलं असतं. टाय बंप स्टॉपपर्यंत पोचून चिरडली असेल तर जागा संपते आहे. ती निम्म्यातच राहिली असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे. दहा रुपयांची पट्टी इतकं सांगून जाते.

बुश, टायर, अलाइनमेंट

वीस वर्षांच्या स्पोर्ट्स कारचं ‘अपग्रेड’ पुष्कळदा आर्मच्या सांध्यांत नवे रबरी बुश टाकल्यावरच पूर्ण होतं. रबर तडकलं, बॉलजॉइंट आणि लिंक रॉड ढिले झाले की चाक मनाला येईल तसं वळतं आणि महागडा शॉकॲब्सॉर्बरही ते थांबवू शकत नाही. रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश टाकले की स्टिअरिंग नेमकं होतं, पण वंगण सुटलं की ते आवाज करतात, आणि ज्या ठिकाणी आर्मला थोडं तिरपं फिरावं लागतं तिथे अडकून बसतात. रस्त्यावरच्या गाडीला मूळ कंपनीचे नवे रबर बुश बहुधा पुरतात.

ते बसवताना एक चूक सर्रास होते. रबर बुशची आतली नळी रबराला चिकटवलेली असते आणि बोल्ट घट्ट झाला की ती आर्मच्या कंसात पक्की होते. आर्म हलला की रबरच पिळतं. गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली टेकताक्षणी सगळे बुश पिळलेल्या अवस्थेत येतात. ते जादा स्प्रिंगसारखं काम करतात, गाडी उंच आणि कडक राहते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. बरोबर पद्धत अशी: बोल्ट हातानेच लावायचे, चाकांखाली आधार देऊन गाडी आपल्या वजनावर बसवायची, एक-दोनदा दाबून सोडायची आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचे. नवं सस्पेन्शन बसवल्यावर गाडी विनाकारण ताठ वाटत असेल तर आधी हे विचारावं.

टायर ही रस्त्याला लागणारी पहिली स्प्रिंग. १५ इंची चाकाऐवजी १८ इंची आणि रिबनीसारखी पातळ बाजू घेतली की ती स्प्रिंग कडक होते आणि चाकाचं वजनही वाढतं. चाक, ब्रेक आणि आर्मचा काही भाग हे स्प्रिंगखालचं वजन. ते जितकं जास्त, तितकं खड्ड्यानंतर चाक जमिनीवर परत आणणं शॉकॲब्सॉर्बरला जड जातं. हलकं चाक आणि चांगला टायर हा पकड आणि आराम दोन्ही एकाच वेळी वाढवणारा दुर्मिळ खर्च आहे.

अलाइनमेंटला तर सगळ्यांत कमी पैसे लागतात. चाकाचा आत कललेला कोन थोडा वाढवला तर वळणात बाहेरचा टायर सपाट टेकतो. पुढची चाकं किंचितही बाहेर तोंड करून असतील तर गाडी झटकन वळते, पण सरळ रस्त्यावर भरकटते आणि टायर आतून झिजतो. मागची चाकं किंचित आत तोंड करून असली की गाडी स्थिर राहते. हे काम रोजच्यासारखं वजन गाडीत ठेवून करून घ्यावं.

एमएक्स-५ चं उदाहरण

हे सगळं एका गाडीत पाहायचं तर माझदा एमएक्स-५ घ्यावी. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली ही दोन माणसांची उघडी गाडी. वजन सुमारे ९५० किलो, चारही चाकांना दुहेरी विशबोन आणि १८५/६०चे १४ इंची टायर. तिच्या मागे प्रेरणा होती ती कॉलिन चॅपमनच्या १९६२ च्या लोटस एलानची: वजन कमी, चेसिस ताठ, स्प्रिंग मऊ आणि शॉकॲब्सॉर्बर नेमका. एलान कलायची, तरीही तिच्या पकडीची आणि मवाळ चालीची तारीफ आजही होते.

पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये चाकाला वर यायला मुळातच कमी जागा आहे, विशेषतः मागे. तिला साध्या खाली बसणाऱ्या स्प्रिंगा घातल्या की ती जवळपास बंप स्टॉपवरच चालते. अनुभवी मालक म्हणूनच तिला नाममात्र खाली घेतात, लांबवर दबणारे मऊ ठोकळे घालतात, शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगच्या मापाचे घेतात आणि विशबोनच्या एक्सेंट्रिक बोल्टांवर चारही चाकांचे कोन बारकाईने लावून घेतात. त्या गाडीचा सगळा कायापालट एवढ्यावरच होतो.

माझदानेही नंतर हीच दिशा धरली. २०२२ च्या मॉडेलपासून वळणात मागच्या आतल्या चाकाला हलकासा ब्रेक लावून गाडीचं अंग खाली ओढणारी यंत्रणा आली. स्प्रिंग बदलली नाही, वजन वाढलं नाही, कलणं मात्र आवरलं. फ्रान्सच्या अल्पीनने २०१७ च्या ए११० मध्ये हाच विचार वेगळ्या वाटेने नेला. गाडी १,१०० किलोंच्या आसपास, स्प्रिंग मवाळ आणि प्रवासाच्या टोकाला हायड्रॉलिक बंप स्टॉप, म्हणजे चाक ठोकळ्यावर आदळण्याऐवजी तेलात थांबतं. त्याच जातीची हायड्रॉलिक उशी २०२१ मध्ये भारतात आलेल्या सिट्रोएन सी५ एअरक्रॉसमध्येही आहे. ती गाडी खड्ड्यावरून नेऊन पाहिली की जागेचं मोल हाताला कळतं.

आपले रस्ते आणि कायदा

एमएक्स-५ इथे विकली जात नाही. पण पोर्शे, बीएमडब्ल्यूची एम मालिका किंवा मिनी बाळगणारे पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत आणि त्यांना जागेचा प्रश्न युरोपातल्या मालकापेक्षा जास्त छळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. अरुंद आणि उंच ढिगारे मात्र गल्लोगल्ली आहेत. अशा रस्त्यांवर कारखान्याने दिलेली उंची ही सुरक्षेची बाब आहे.

कायद्याकडेही डोळेझाक करू नये. मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करायला बंधन घालतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. झिजलेला भाग त्याच मापाच्या नव्या भागाने बदलणं वेगळं, गाडीची उंची आणि रचना बदलणं वेगळं. मोठं काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारावं. जर्मनीत प्रमाणपत्राशिवाय स्प्रिंगसुद्धा बसवता येत नाही. जपानमध्ये गाडीखाली किमान ९ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे नियम खरेदीपूर्वीच पाहून घ्यावेत.

पैसे कोणत्या क्रमाने

माझा क्रम असा. आधी चांगले टायर आणि त्यांतली हवा. मग झिजलेले बुश, बॉलजॉइंट, लिंक आणि त्यानंतर काटेकोर अलाइनमेंट. एवढ्यावर अनेकांचं समाधान होईल आणि गाडी कायद्याच्या चौकटीतही राहील. पुढची पायरी मूळ उंचीला जुळणाऱ्या उत्तम शॉकॲब्सॉर्बरची. स्प्रिंग त्यानंतर आणि बेतानेच कडक करावी, पुढच्या-मागच्याचं नातं राखून. समतोल अजून जुळत नसेल तर बार. गाडी खाली घेणं अगदी शेवटी, आणि बंप स्टॉपची जागा मोजूनच. अर्ध्या किमतीच्या संचात उंची, कडकपणा आणि बत्तीस क्लिकची फिरकी असं सगळं मिळत असेल, तर व्हॉल्व्हमध्ये काटकसर झालेली असते.

काम करून देणाऱ्याने गाडी गुळगुळीत रस्त्यावर चालवून दाखवली तर तेवढ्यावर पैसे देऊ नयेत. आपल्या रोजच्या मार्गावरचं सर्वांत खराब वळण निवडावं, शेजारी घरातलं माणूस बसवावं आणि नेहमीच्या वेगाने ते घ्यावं. गाडीने ओळ सोडली नाही आणि शेजाऱ्याचं बोलणं मध्ये तुटलं नाही, तर सस्पेन्शन चांगलं झालं. दोन्हींपैकी एक जरी बिघडलं, तर काम अर्धवट आहे आणि ते पूर्ण करून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.